टाकीतलं गाणं

मी एक जुनी दुधाची टाकी आहे. हसू नका, मित्रांनो. शनिवारी दुपारी आईबाबांबरोबर तुम्ही ज्या पबात येता, त्याच्या दारासमोर, गाड्या लावायच्या जागेपाशी उभं असलेलं ते पोलादी धूड म्हणजे मीच. तुमचे बटाट्याचे तळलेले काप संपतात, मोठ्यांच्या गप्पा काही संपत नाहीत, मग तुम्ही चमचे घेऊन माझ्यावर ढोल बडवायला येता. माझ्या पोटावर एका माणसाचं मोठं चित्र रंगवलेलं आहे. त्याचं तोंड उघडं आहे. तुमच्यातल्या काहींना वाटतं तो ओरडतोय, काहींना वाटतं जांभई देतोय. मागे कुणीतरी त्याच्या दातावर च्युइंगम चिकटवलं. असू दे. तो कोण हे तुम्हाला कुणी सांगितलंच नाही, त्यात तुमचा काय दोष? तो गातोय, मित्रांनो. त्याचं नाव सामुएलु. बसा जरा सावलीला, मी सांगते.

माझा जन्म मेलबर्नच्या पूर्वेला, वॉरागल गावातल्या एका पत्र्याच्या कारखान्यात झाला. मला घडवणारा कारागीर फार हट्टी होता. सांधा जोडला की तो घासायचा, पुन्हा घासायचा, मग दारातून खांदे आत घालून सांध्यावरून तळवा फिरवायचा. दूध मोठं लबाड असतं, केसाएवढ्या चिरेत लपून बसतं आणि बाकीच्या दुधाला नासवतं, असं तो म्हणे. शेवटी एकदा त्याचा तळवा कुठंच अडला नाही. त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. माणसाच्या तळव्याशी माझी ओळख झाली ती तेव्हा. ती पुढं फार कामाला आली, आणि एकदा कामाला आली नाही.

तिथून मी गिप्सलँडच्या टेकड्यांत एका गोठ्यावर गेले. जर्सी गाईंचं कोमट दूध सकाळ-संध्याकाळ माझ्यात पडे. मालकीण मला स्वतःच्या मुलांपेक्षा जास्त घासायची. "मुलं मळकी चालतील, टाकी नको," असं ती शेजारणीला सांगे. मला त्याचा अभिमान होता. मग दुधाच्या मोठ्या कंपनीला लहान गोठे परवडेनासे झाले. गाई लिलावात गेल्या. जाताना मालकिणीनं प्रत्येक गाईच्या कपाळावर हात ठेवला. माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. कितीतरी वर्षं मी गवतात पडून राहिले. एका मॅगपाय पक्षिणीनं माझ्या झाकणाखाली घरटं केलं. तिच्या पिल्लांचा आवाज माझ्यात घुमायचा, तेवढीच सोबत.

एके दिवशी उघड्या टपाची एक गाडी आली. तिच्यातून दोघं उतरली. एक लॉइड केम्बल. हा आधी टीव्हीवरच्या जाहिराती लिहायचा आणि आता त्याला बिअर करायची होती. दुसरी रीटा झामित. माल्टाहून आलेल्या आईबापांची लेक, जन्म मेलबर्नचा, सगळं आयुष्य एका मोठ्या बिअर कारखान्यात गेलेलं. बाटल्या भरायच्या यंत्राच्या खडखडाटानं तिचा एक कान कायमचा गेला होता. लॉइडनं मला बघितलं आणि टाळी वाजवली.

रीटानं माझ्या दारातून आत डोकं घातलं. "हिला आतून धुवायचा फवारा नाहीये, लॉइड."

"मग?"

"मग दर वेळेला आत माणूस उतरवून हातानं घासावी लागणार."

"तर उतरवू की माणूस," लॉइड म्हणाला. "माणसांना काय तोटा आहे?"

तेव्हा दोघंही हसली. मीही मनात हसले, कारण गवतातून सुटका होणार होती.

अशी मी मेलबर्नच्या पश्चिमेला, सनशाइन नावाच्या उपनगरात आले. टायरचं जुनं गोदाम होतं, ते धुऊन-रंगवून लॉइडनं तिथं 'काकाकुवा' नावाची ब्रुअरी काढली. तेव्हा शहराच्या प्रत्येक उपनगरात अशी एखाददुसरी शेड निघाली होती. समोर पब, मागे टाक्या, मधे काचेची भिंत, म्हणजे आपण पितोय ते कुठं बनतंय हे लोकांना बसल्या जागी दिसावं. शनिवारी बस भरभरून माणसं एका शेडमधून दुसरीत फिरायची. माझ्यात दुधाऐवजी आता जवाचं गोड पाणी पडू लागलं. त्यात यीस्ट पडलं की ते दिवसेंदिवस खदखदत राही आणि त्याची बिअर होई. बिअर उपसून घेतली की माझ्या भिंतीवर वाळलेल्या फेसाचा जाड थर उरे, तो घासायला आत माणूस लागे. माझं दार एवढंसं. रीटाचे खांदे अडायचे, लॉइडचं पोट अडायचं.

म्हणून सामुएलु आला.

तो समोअन होता, दूरच्या समोआ बेटांवरचा. तिथली माणसं धिप्पाड म्हणून प्रसिद्ध, आणि हा अंगानं अगदी किरकोळ. लॉइडला पहिल्याच दिवशी गंमत सापडली. "समोआचा ना तू? मग बाकीचा कुठं ठेवलास?"

"माझ्या भावांनी घेतला," सामुएलु म्हणाला. "मी शेवटचा. माझ्यापर्यंत एवढंच उरलं."

शेडभर हशा पिकला. हा माणूस चाळिशीला टेकलेला, लग्न न केलेला, म्हाताऱ्या आईबरोबर राहणारा. रविवारी चर्चमध्ये गाणाऱ्यांच्या पहिल्या रांगेत. बिअरच्या थेंबालाही शिवत नसे. त्यावरूनही त्याला छळायचे.

"बिअर करतोस आणि पीत नाहीस? काय माणूस आहेस का कोण?"

"मुडद्याची गाडी चालवणारा मरून बघतो का?" तो म्हणायचा आणि ब्रश उचलून माझ्यात शिरायचा.

आता इथं जरा कान देऊन ऐका, मित्रांनो, कारण पुढचं सगळं यावर आहे. बिअर तयार होताना एक वायू सुटतो. तो दिसत नाही. हवेपेक्षा जड असतो, म्हणून बिअर काढून घेतली तरी तळाशी पाण्यासारखा साचून राहतो. त्यात माणूस वाकला तर ओरडायलाही सवड मिळत नाही. रीटानं आपल्या जुन्या कारखान्यात दोन सोबती असे गेलेले पाहिले होते. म्हणून तिचे नियम कडक. टाकी रिकामी झाली की दारं रात्रभर उघडी. मग पंखा. मग तारेला बांधलेली मेणबत्ती आत सोडायची. ती तळाशी जळत राहिली तरच माणूस आत जाणार, विझली तर नाही. आणि एक आत असेल तर दुसऱ्यानं दार सोडायचं नाही. आतल्यानं सारखं बोलत राहायचं. बोलणं थांबलं की बाहेरच्यानं ओढायचं, विचार करत बसायचं नाही.

"सारखं काय बोलू, मावशी?" सामुएलुनं विचारलं. तो रीटाला मावशी म्हणायचा. त्यांच्याकडे वडीलधाऱ्या बाईला नावानं हाक मारत नाहीत.

"काहीही बोल. मला शिव्या दे."

"त्या येत नाहीत. गाऊ का?"

"गा बाबा. पण माझा हा कान गेलाय. मी माझ्या पद्धतीनं ऐकणार." आणि तिनं माझ्या पोटावर तळवा ठेवला.

तो आत उभा राहून गायला लागला. मित्रांनो, मॅगपायची पिल्लं सोडली तर माझ्या पोटात त्याआधी कुणी गायलं नव्हतं. आपण घुमतो हे मला माहीत होतं. पण माझ्यात देवाचं नाव घुमू शकतं, हे मला माहीत नव्हतं. माझा पत्रा थरथरला आणि ती थरथर रीटाच्या तळव्याला लागली. तिनं डोळे मिटले. एका कानानं बहिऱ्या बाईनं तळव्यानं गाणं ऐकलं. त्यानंतर तोच नियम झाला. तळव्याला गाणं लागतंय, तोवर सगळं ठीक. थांबलं, की ओढायचं.

त्याचं एक गाणं ठरलेलं असे. समुद्रात एकट्या सापडलेल्या नावाड्याचं.

समुद्र मोठा देवा, नाव माझी लहान,
वल्हं हातचं सुटलं तरी तुझ्याकडे ध्यान.

एकदा रीटानं दारातून विचारलं, "अरे, तू मधे श्वास कधी घेतोस? गाणं तुटतच नाही तुझं."

"चर्चमध्ये लागलेली सवय आहे. तिथं एकाचा श्वास संपला की शेजारचा उचलतो. त्याचा संपला की त्याच्या शेजारचा. ऐकणाऱ्याला वाटतं गाणं एकच माणूस गातोय आणि त्याला श्वासच लागत नाही."

"आणि इथं? इथं तर तू एकटाच."

"इथं टाकी उचलते ना," सामुएलु म्हणाला.

त्या वाक्यावर मी पुढं किती दिवस जगले, काय सांगू.

मग एका दुपारी पबातल्या काही लोकांना काचेपलीकडून ते गाणं ऐकू आलं. त्यांनी एकमेकांना गप्प केलं. सामुएलु फेसानं माखून बाहेर आला तेव्हा काचेपलीकडे सगळे टाळ्या वाजवत होते. तो इतका लाजला की ब्रश पाठीमागे लपवून उभा राहिला. पण लॉइडच्या डोळ्यांत जे चमकलं ते मी पाहिलं. त्यानं अशीच टाळी मला गवतात बघून वाजवली होती.

पुढच्या आठवड्यापासून माझ्यावर दिवा लागला. दारापाशी माइक आला. दर शनिवारी 'टाकीतलं गाणं'. सामुएलुला ते नको होतं.

"आई म्हणते, देवाचं गाणं पबात कशाला?" तो रीटाला सांगत होता. "पण मावशी, पहिल्या दिवशी एक माणूस रडत होता. मी पाहिलं. तो काही चर्चमध्ये यायचा नाही. त्याच्या कानावर एवढं तरी पडू दे, असं मला वाटतं."

"तुझं मन चांगलं आहे," रीटा म्हणाली. "फार चांगलं आहे. त्याचीच मला भीती वाटते."

रडणारा माणूस पुन्हा आला नाही. आले ते गंमत बघायला आले. "डबा गातोय, डबा!" असं ओरडत त्यांनी माझ्यावर नाणी मारली. कुणी फुटबॉलच्या क्लबाचं गाणं म्हणायला सांगे. "हे काय रडगाणं लावलंस? जरा जोरात होऊ दे!" कुणी दारातून शेंगदाणे आत टाकी. सामुएलु आत घासता घासता ते शेंगदाणे वेचून खिशात ठेवायचा. बाहेर आला की टाकणाऱ्याच्या टेबलावर आणून द्यायचा. "तुमचे राहिले होते." त्यावर पुन्हा हशा. रीटा दाराशी तळवा ठेवून उभी असे आणि दात ओठ खात असे. पण ती होती, तोवर काही बिघडलं नाही.

त्या शनिवारी उत्तरेचा, वाळवंटावरून येणारा गरम वारा सुटला होता. नदीकाठच्या मैदानात बिअरची जत्रा होती. लॉइडनं तिथल्या ठेल्यावर रीटाला पाठवलं. जाताना ती माझ्यापाशी थांबली.

"ही आज सकाळीच रिकामी केलीय. आज हिच्यात कुणी उतरायचं नाही. लॉइड, ऐकतोयस ना?"

"हो गं बाई, जा तू."

"सामु, तू ऐकलंस?"

"ऐकलं, मावशी."

दुपारी बस आली. कुणाचातरी वाढदिवस होता, सगळ्यांनी एकसारखे गुलाबी शर्ट घातले होते. आत शिरल्या शिरल्या एकच गलका, "गाणारा कुठाय? टाकीतला गाणारा कुठाय?"

"आत्ता आणतो!" लॉइडनं सांगितलं.

सामुएलु मागे पिंपं धूत होता. "बॉस, आज नको. मावशी सांगून गेलीय."

"मावशी गेलीय ना? मग झालं तर."

सामुएलुनं हातातलं पिंप खाली ठेवलं. त्यानं मेणबत्ती पेटवली आणि तारेनं माझ्यात सोडली. माझ्या पोटात काय होतं ते मला ठाऊक होतं. ज्योत अर्ध्यावर आली, आखडली, निळी झाली आणि विझली.

"विझली," तो म्हणाला.

"वारा बघ कसला सुटलाय."

"वारा बाहेर आहे, बॉस. मेणबत्ती आत विझली."

लॉइडनं माइक तोंडाशी नेला, म्हणजे सगळ्या शेडला ऐकू जावं. "मंडळी, हे बघा! आमच्या सामुचं गाणं देवाचं, पण भरवसा मेणबत्तीवर!"

लोक खदखदून हसले. गुलाबी शर्टातली एक बाई ओरडली, "ए, चर्चवाला घाबरला रे!" मग टेबलांवर मुठी पडायला लागल्या. सा-मु! सा-मु! सा-मु!

मित्रांनो, त्याची टिंगल त्याला सोसवत होती. अंगकाठीची सोसली, न पिण्याची सोसली, शेंगदाणेही सोसले. पण आज टिंगल त्याच्या देवाची झाली, आणि तीही त्याच्या नावानं. त्याचा चेहरा उतरला. तो एवढंच म्हणाला, "थोडा वेळ पंखा लावू."

पंखा लागला. गुलाबी शर्टांचे हातातले ग्लास रिकामे होईपर्यंत चालला, मग लॉइडनं तो बंद केला, कारण त्याच्या घरघरीत माइकवरचं नीट ऐकू येत नव्हतं. माझ्या वरच्या अर्ध्या भागात हवा खेळली. खाली ते तसंच साचलेलं होतं.

सामुएलुनं लॉइडचा हात धरून माझ्या पोटावर ठेवला. "इथून हलवू नकोस. गाणं थांबलं की मला ओढ. लगेच ओढ."

"ठेवला, ठेवला. जा आता."

सामुएलु आत आला. उभा राहिला. पहिलं कडवं त्यानं उभ्यानंच म्हटलं, आणि माझ्यात ते असं भरून राहिलं की बाहेरची हुल्लडही गप्प झाली. लॉइडच्या एका हातात माइक होता. दुसऱ्या हातात कुणीतरी ग्लास दिला. माझ्या पोटावरचा हात गेला.

"आता ऐका कसं घुमतं!" म्हणत लॉइडनं पायानं माझं दार अर्धं लोटलं. दुसरं कडवं खरंच जास्त घुमलं. "आणि सामु, नुसता गातोयस काय? घासल्याचा आवाज येऊ दे की! लोक काम बघायला आलेत!"

सामुएलु खाली वाकला.

लाट आली वरून देवा, अंधार आला खाली,
हाक मारतो मी आणि तुझी चाहूल...

तिथं गाणं थांबलं. ब्रशचा दांडा माझ्या तळावर टणकन पडला. बाहेरच्यांना ती सम वाटली.

त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी टाकी आहे, मित्रांनो. आत पडलेला आवाज मोठा करून दाखवायचा, एवढाच गुण माझ्याकडे आहे. शांतता मोठी करून दाखवायचा गुण मला कुणी दिला नाही. माझ्या पोटात एक माणूस तोंड उघडून पडला होता. त्याच्यावरून टाळ्या घुमत होत्या, आणि त्याही मीच घुमवत होते.

"आणखी एक! आणखी एक!" पाय आपटले गेले. लॉइडनं बोटातल्या अंगठीनं माझ्यावर टकटक केली. "ऐकतोयस ना, सामु? लोक बोलावतायत. नखरे नकोत." मग तो लोकांकडे वळून हसला. "कलावंत माणूस, मंडळी, रुसलाय! त्याचा रुसवा जाईपर्यंत एकेक ग्लास होऊन जाऊ दे!"

आणि ते सगळे ग्लास भरून घ्यायला गेले.

रीटा आली ती जत्रेतली बिअर संपली म्हणून. भरलेली पिंपं न्यायची होती, म्हणून घाईघाईनं ती माझ्यावरून निघाली होती. माझ्यावर दिवा लागलेला तिला दिसला. चालता चालता सवयीनं तिनं तळवा ठेवला.

तिचा हात तिथंच थांबला.

"सामु आत आहे?"

"आहे की," लॉइड बारमागून म्हणाला. "आत्ताच संपलं गाणं. फार छान झालं, तू हवी होतीस."

"त्याचं गाणं संपत नसतं, लॉइड! तो बाहेर येईपर्यंत चालू असतं!"

तिनं श्वास रोखला आणि जे दार तिला कधी पुरलं नव्हतं त्यातून खांदे सोलून कंबरेपर्यंत आत आली. सामुएलुची कॉलर धरली आणि ओढलं. तिनं त्याला बाहेर काढलं, छाती दाबली, तोंडात श्वास भरला, हाका मारल्या. "उचल रे, सामु. उचल." त्याच्या खिशातून शेंगदाणे जमिनीवर सांडले.

त्यानं उचललं नाही.

काही जण मोबाइल धरून उभे होते. बाहेर बसवाल्यानं भोंगा वाजवला, पुढच्या ब्रुअरीत त्यांची वेळ ठरलेली होती. गुलाबी शर्ट एकेक करून बाहेर पडले. एकीनं निघताना हातातला ग्लास रिकामा केला, टाकवत नव्हता म्हणून.

चौकशी झाली. लॉइड म्हणाला, मी नको म्हणत होतो, तो आपणहून उतरला. बसमधले लोक म्हणाले, आम्हाला वाटलं गाणं संपलं. खरंच वाटलं होतं त्यांना. ते खोटं बोलत नव्हते, हेच मला अजून सोसत नाही. साहेबलोकांनी लॉइडला दंड केला आणि माझ्यात पुन्हा कुणी उतरू नये म्हणून माझं दार कायमचं सांधून टाकायला लावलं. जोडणाऱ्यानं सांधा घासलाही नाही. माझ्या ओठांवर तो अजून खरखरीत आहे. रीटानं अंगातला एप्रन काढून लॉइडच्या पायाशी टाकला आणि ती गेली.

लॉइड रडला का, असं विचाराल. रडला. मी पाहिलंय. दुसऱ्या टाकीत त्यानं सामुएलुच्या आठवणीसाठी एक नवी बिअर लावली, तिचं नाव ठेवलं 'शेवटचं कडवं', आणि रडत रडतच त्यानं डब्यावरचं चित्र निवडलं. तोंड उघडून गाणारा सामुएलु. ज्यानं आयुष्यात बिअरचा थेंब घेतला नाही, त्याचा चेहरा बिअरच्या डब्यावर. ती बिअर हातोहात खपली. मग तेच चित्र माझ्यावर रंगवून मला इथं बाहेर आणून उभं केलं, लोकांना माझ्याशेजारी फोटो काढता यावेत म्हणून.

सामुएलुची आई तालिता एका शनिवारी आली. रीटानं तिला गाडीतून आणलं होतं. मुलाचं गाणं कुठल्या शब्दाशी तुटलं ते तिनं चौकशीत ऐकलं होतं. चर्चला जाताना घालतात तसा पांढरा झगा, पांढरी टोपी. उतरताच तिच्या पायाखाली काहीतरी करकरलं. तिनं वाकून पाहिलं. पायांनी चेपलेला डबा होता. तिच्या मुलाचं तोंड नाकापाशी दुमडलं होतं. तिनं तो उचलला, झग्यानं पुसला.

लॉइड धावत आला. "आई, या, या. हे सगळं सामुच्या मानासाठी आहे. सगळ्या शहरात लोक त्याचं नाव घेतात."

"नाव घेतात?" म्हातारी म्हणाली. "मला वाटलं, नुसतं पितात."

"तुम्हाला काय हवं ते सांगा. तुम्ही म्हणाल ते करीन."

"माझ्या मुलाचं अर्धं कडवं हिच्यात राहिलंय. ते मला काढून दे."

लॉइडला काही कळलं नाही. त्यानं रीटाकडे पाहिलं. रीटानं त्याच्याकडे पाहिलं नाही.

तालिता माझ्यापाशी आली. दार शोधायला तिचा हात माझ्यावरून फिरला आणि त्या खरखरीत सांध्यावर अडला. ती समजली. मग तिनं सांध्यावर कपाळ टेकलं आणि गायला लागली. पहिल्यापासून, समुद्र, नाव, वल्हं. आवाज म्हातारा, पण तोच. माझं पोट रिकामं आहे, दार बंद आहे, तरी मी घुमले. टेबलांवरचे लोक वळले. कुणी मोबाइल काढले. लाट आली, अंधार आला, ती 'चाहूल' या शब्दापर्यंत पोचली, आणि तिच्या मुलाचा आवाज जिथं थांबला होता तिथंच तिचाही थांबला.  ती माझ्याशी टेकत टेकत खाली बसली.

टेबलांवरून टाळ्या झाल्या. "वा, आजी! आणखी एक!"

एकही माणूस उठला नाही. रीटा मात्र तिच्या शेजारी खाली बसली. तिला समोअन येत नाही, सूर तर मुळीच लागत नाही. तिनं एक तळवा माझ्यावर ठेवला, दुसरा म्हातारीच्या पाठीवर, आणि ऐकून ऐकून पाठ झालेले, ओळीतले राहिलेले दोनच शब्द बेसूर आवाजात म्हणाली: "कानी आली."

तालिता अजून येते, मित्रांनो, कधीकधी शनिवारी. तुम्ही तिला पाहिलंही असेल आणि तुमच्या आईनं तुम्हाला गप्प बसून ऐकायला सांगितलं असेल. ती दर वेळी तिथंच थांबते. रीटाही आता थकलीय, दर वेळी येत नाही.

मला तुमच्याकडून रंग नको, सावली नको, ते च्युइंगमसुद्धा राहू दे. माझ्यावर ढोलही खुशाल बडवा. फक्त एवढं करा. कुणाचं गाणं मधेच थांबलं तर टाळ्यांसाठी हात उचलू नका. आधी उठा. जाऊन बघा तो का थांबला. आणि ती म्हातारी 'चाहूल' म्हणून थांबेल, तेव्हा पुढचे दोन शब्द आता तुम्हाला ठाऊक आहेत.